गंधारच्या पानातली तिसरी पोळी

दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवणार, असं नयनानं आखातातल्या अल सद्द वस्तीतल्या सगळ्या मैत्रिणींना ठणकावून सांगितलं होतं. जेवताना ती दोनच फुलके घेई. तरी वजन ढिम्म हलेना, तेव्हा तिनं खापर काट्यावर फोडलं आणि नवऱ्याला, सुरेशला, तो बदलून आणायला पिटाळलं. नवा काटाही तेच सांगू लागला.

शेवटी ती लेकाला, गंधारला, घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली.

"शरीर खर्च करतं त्याहून रोज थोडं कमी खायचं," बाई म्हणाल्या. "महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ. तुम्ही काय खाता?"

"दोन फुलके!"

"अँड माय लेफ्टओव्हर्स," गंधार म्हणाला.

नयनाचे कान तापले. पानात टाकायचं नाही, हे तिच्या माहेरचं वळण. लेकाचं उरलेलं संपवलं, ते कुठं खाण्यात धरायचं?

घरी जेवताना तिनं सवयीनं गंधारला तूप लावलेली तिसरी पोळी वाढली. तो दोनच खातो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

गंधारनं ती उचलून आईच्या ताटात ठेवली. सुरेश आमटी ढवळत राहिला. नयनाला मान वर करवेना.