तीन आकड्यांची जागा

मालिनीबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून नेदरलँड्समध्ये आल्मेरेला लेकाकडे आल्या आणि मार्चात करोनामुळे विमानंच बंद झाली. सुपरमार्केटातली दीड मीटर अंतराची पाटी सुनेने, अश्लेषाने, वाचून दाखवली तेव्हा म्हणाल्या, "आमच्या सिनेमात नायक-नायिका याहून लांब उभे राहायचे. तरी गवगवा व्हायचाच."

गवगवा अगदीच खोटा नव्हता, असं चौकस मंडळी अजून म्हणतात. साठ सालच्या आगेमागे बाईंनी कोल्हापुरात नऊ विनोदी चित्रपट केले. बाकीच्या नायिका पदरात तोंड खुपसून रडायच्या, तेव्हा ही बया नायकाला छत्रीने बडवायची, चिखलात आपटायची आणि उठून वर त्याच्याच नावाने शिमगा करायची. नऊही वेळा नायक उल्हास. पुढे लोकांची आवड पालटली. त्याचं लग्न झालं, हिचंही झालं, बँकेतल्या एका सभ्य माणसाशी. चित्रपटांच्या प्रिंटा कुठल्याशा गोदामात जळाल्या. उरले ते हे दोघे.

त्यातला एक प्रसंग बाईंना अजून पाठ. भांडून भांडून ती म्हणते, "मी नाही करणार तुमच्याशी लग्न. तुम्ही घोरता." मग गप्प, चेहरा कोरा. प्रेक्षकाच्या डोक्यात उजेड पडून हशा उसळायला तीन आकडे मोजावे लागतात. तेवढी जागा सोडायची, पापणीही हलवायची नाही. मग उल्हास विचारतो, "ते तुम्हाला कसं ठाऊक?"

हा संवाद लेखकाचा की अनुभवाचा, असं कुणी खोदून विचारलं की बाई म्हणत, आउटडोअरला अख्खं युनिट ऐकायचं की.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाचा गणपती ऑनलाइन झाला. चिटणीस अश्लेषाच. बाईंनी तो प्रसंग करायचं कबूल केलं ते एका अटीवर: पुण्याहून उल्हासला जोडायचं. तो शहाऐंशीचा, त्या एक्क्याऐंशीच्या. मे महिन्यापासून त्यांनी परतीचं विचारणंच सोडलं होतं. निदान ते वाक्य त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

कानात कुड्या घालून बाई वरच्या खोलीत टॅबसमोर बसल्या. अश्लेषा खाली, स्वयंपाकघरात लॅपटॉपवर. गोंगाट नको म्हणून तिने सगळ्यांचे माइक बंद ठेवले होते. बाईंचा उघडला, उल्हासचा उघडायचा तेवढा राहून गेला.

"तुम्ही घोरता," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पडद्यावर तीस-पस्तीस चौकटी, हशा एकीतूनही नाही. पापणी हलली नाही. एक. दोन. तीन.

"आईंचं नेट अडकलं वाटतं," अश्लेषाचा आवाज आला. "आपण आरती घेऊ या."

आरती आटोपल्यावर ती ओशाळून वर आली. उल्हासकाकांचा आवाज आलाच नाही, पुन्हा करू या का, म्हणाली.

"नको. बरोब्बर तीनवर ओठ हलले त्याचे."

बाई कुड्या काढत बसल्या. एक निघाली, दुसरीची फिरकी हाताला लागेना.

"अश्लेषा, विमानं कधी सुरू होतायत, बघतेस का गं जरा?"