तबकडी उलटायची जागा

गिरणीच्या विणकाम खात्यात मागांवर मुकादमी करणारा जॉबर तिप्पण्णा हा सोलापुरात अख्खी सिम्फनी तोंडपाठ असलेला एकुलता एक माणूस, असं मी सांगायचो तेव्हा लोक हसायचे. हसू देत. पिकतं तिथं विकत नाही. मी शाळेत गाणं शिकवतो. माझ्या पेटीवादनाला तिप्पण्णानं कधी नाक मुरडलं नाही, एवढ्यावरूनही तो थोर ठरतो.

तरुणपणी तो मिशनच्या बंगल्यात बागकाम करायचा. तिथल्या मडमेनं त्याला व्हायोलिन धरायला शिकवलं आणि मायदेशी परतताना ते व्हायोलिन, चावीचा फोनो आणि एका सिम्फनीच्या पाच तबकड्या त्याच्या हवाली केल्या. त्या तबकड्यांबरोबर तो चाळीस वर्षं वाजवत आला. कागदावरचे स्वर त्याला वाचता येत नव्हते. कान हाच कागद. दर सुट्टीला फोनोसमोर तो बसायचा आणि शेजारी बायको, शरणम्मा. चार मिनिटांत तबकडीची एक बाजू संपायची. तिप्पण्णा व्हायोलिनचा गज वर धरून थांबायचा, शरणम्मा उठून तबकडी उलटायची, चावी द्यायची, मग पुढचं सुरू. सुया मिळेनाशा झाल्या तेव्हा तिनं बाभळीचे काटे घासून लावले.

"चार माणसांत बसून एकडाव वाजवायचंय, मास्तर," तो मला म्हणायचा. "यंत्र काय, आपल्याकडं बघत न्हाय की."

शहात्तर सालच्या जानेवारीत मुंबईहून तीस-पस्तीस वादकांचा वाद्यवृंद कार्यक्रमासाठी आला. त्यांचा एक व्हायोलिनवाला तापानं फणफणला. गावात कुणी आहे का, अशी विचारणा आमच्या शाळेपर्यंत आली. वाजवायची होती नेमकी तीच सिम्फनी! मी छाती पुढे काढून तिप्पण्णाला तालमीला घेऊन गेलो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बाकीचे बोट उचलून स्वच्छ जायचे. तिप्पण्णा बोट तारेवरून ओढत न्यायचा, आपले गवई मींड घेतात तसं. शेजारचे एकमेकांकडे बघू लागले. तेही एक वेळ खपलं असतं. जलद भागांत इतरांच्या रेट्यात तो ओढला गेला, पण संथ भागाच्या ऐन मध्यावर सगळे पुढे निघाले आणि हा पठ्ठ्या गज वर धरून स्वस्थ बसला. मला कळलं, ही तबकडी उलटायची जागा. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा लोक उघड हसले आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

वाद्यवृंदाचा संचालक मात्र हसला नाही. "काका, असं वाजवायला कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोण? तबकडीत हाय तसंच वाजवतो."

दुपारी संचालक आमच्याबरोबर तिप्पण्णाच्या दोन खोल्यांच्या घरी आला. शरणम्मानं काटा लावला. खरखरीच्या खालून वाद्यवृंद ऐकू येऊ लागला आणि त्यातली सगळी व्हायोलिनं तशीच स्वर ओढत निघाली होती. खाटेवर रेललेला संचालक ताठ बसला.

"पूर्वी असंच वाजवत, हे माझे गुरू सांगायचे," तो म्हणाला. "मला वाटायचं, म्हातारपणाची बडबड. काका, उद्या संथ भागात आमची सगळी रांग तुमच्या मागून येईल. पण आता तुम्ही थांबलात, तर सगळेच अडखळतील."

"त्येचीच भीती हाय, सायेब. ही उठली की माझा हात थांबतो. आता न उठतासुद्धा थांबतो."

शरणम्मा चहाचे कप ठेवत म्हणाली, "मी म्होरं बसते. जागची हलणार न्हाय. माझ्याकडं बघा अन् खुशाल वाजवा."

दुसऱ्या दिवशी सभागृहात कोटवाल्यांच्या रांगेत तिप्पण्णा इस्त्रीच्या धोतरात बसला होता. संथ भाग सुरू झाला. आधी शेजारची बोटं जरा बिचकली, मग तीही तारेवरून सरकू लागली. मुंबईची रांग आमच्या जॉबरच्या मागून चालली होती! मला सरळ रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

ती जागा जवळ आली. आणि शरणम्मा उठली.

उजवा हात पुढे, जणू समोर फोनोच आहे. तिप्पण्णानं तिला पाहिलं. त्याचा गज आता सुटणार असं वाटलं. पण तारेवरचं बोट त्यानं उचललं नाही. ते तसंच ओढत पुढच्या स्वरावर नेलं, गज त्याच्या मागोमाग गेला आणि अख्खी रांग त्या दोघांच्या मागोमाग गेली. मागून कुणीतरी "बाई, खाली बसा की" म्हणत होतं. तो भाग संपेपर्यंत शरणम्मा उभीच होती.

कार्यक्रमानंतर आम्ही रिक्षाची वाट बघत थांबलो. शरणम्मा ओशाळली होती. "पायांना काय सांगायचं? सवयीनं उठले," ती म्हणाली. मग जरा वेळानं नवऱ्याकडं बघून, "मधी कायबी तुटत न्हाय की वो. मग मी चाळीस वर्सं उगाच उठत हुते व्हय?"

तिप्पण्णानं व्हायोलिनची पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि तिचा हात धरला.

"तू उठत हुतीस, म्हणून तर म्होरलं ऐकाया मिळालं मला."