नळवाल्यांचा गळ

ते भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. मुद्दाम नाही हो. आमच्या त्या इमारतीत दोन घरांमधली भिंत इतकी पातळ होती की शेजारी कुणी शिंकलं की आपण रुमाल शोधावा. शेजारच्या दोन खोल्यांत नवीन जोडपं राहायला आलं होतं. नवीन म्हणजे जागेला नवीन, वयाने दोघंही साठीला टेकलेले. मी मोरीत भांडी घासत होते आणि पलीकडून बाईचा आवाज चढला.

"मला विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं? जागा चांगली, हवा चांगली. खिडकी उघडली की समुद्र."

"मी मागितला होता समुद्र? बहीण दोन गल्ल्यांवर होती माझी. चार बायका होत्या बोलायला. तुम्ही एकदा इथे कुणाचा नळ दुरुस्त करायला आलात, समुद्र बघितलात, घरी येऊन सांगितलंत, सामान बांध. मी काय ट्रंक आहे का, उचलली आणि ठेवली?"

"अगं, आयुष्यभर राबलो. आता चार दिवस गळ टाकून बसावं म्हटलं पाण्यावर, तर त्यातही तुझं—"

"तिकडे नदी नव्हती? दर सुट्टीला बसायचात. सर्दीशिवाय काय लागलं हाताला?"

मी हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं, त्याचा आवाज नको म्हणून. आणि मग ती बाई अगदी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. थंडी संपायच्या आत एक मासा धरून दाखवा. पोटभर खाता येईल असा, बोटाएवढा नाही. धरलात तर मरेपर्यंत इथे राहीन, तोंडातून शब्द काढणार नाही. नाही धरलात तर मी चालले बहिणीकडे. तुम्ही बसा समुद्र बघत."

"एवढंच ना? आठवड्यात बादलीभर आणतो."

हे आमचे नळवाले. घरोघरचे नळ आणि पाइप दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून इमारतीत सगळे त्यांना नळवालेच म्हणायला लागले. काम सोडलं तरी पाना खिशातून सुटला नव्हता. विजार त्या बाजूला नेहमी ओघळलेली. जिन्यात भेटले की नमस्काराआधी त्यांचं लक्ष आपल्या घरातल्या ठिबकण्याकडे जायचं. "ताई, मोरीतला नळ गळतोय तुमचा." आत येऊन बघितलंही नसायचं. नुसत्या आवाजावर सांगायचे. आणि कुणाला काही विचारायचे नाहीत. भिंतीत पाइप कुठून गेलाय हे घरमालकालाही विचारायचे नाहीत, दोनदा टकटक केलं की छिन्नी लावलीच. ते बरोबर निघायचं, हीच तर पंचाईत. एकदा जरी चुकलं असतं तरी बाईचे दिवस सुखाचे गेले असते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. "ताई, कुंडीतली माती जरा उकरू का? गांडुळं हवीत." मी म्हटलं, उकरा. रोप तेवढं परत उभं करा. त्यांनी डबीभर गांडुळं काढली, काठीला दोरा बांधला आणि दोऱ्याला वजन म्हणून एक पितळी नट अडकवला. जुन्या नळाचा, चांगला जाडजूड. बघून मला वाटलं, मासा गळाला लागेल की नाही कोण जाणे, डोक्यात बसला तर मात्र नक्की मरेल.

आमच्या खिडकीतून धक्का सरळ दिसायचा. धक्क्याच्या तोंडाशी एका बाईची लाकडी टपरी होती. गळ, दोरे, कोळंबीचं आमिष असलं विकायची. तिच्या जिभेला धार होती आणि ती गिऱ्हाइकागणिक लावून घ्यायची. मी तिच्याकडून कधीमधी कोळंबी घ्यायची, म्हणून त्या दिवशी तिथेच उभी होते. नळवाल्यांच्या डबीत तिने डोकावलं.

"काका, खाऱ्या पाण्यात गांडुळं? मासे हसून हसून मेले तर मिळतील तुम्हाला."

"पाण्याचं मला शिकवू नकोस. माझं आयुष्य पाण्यात गेलंय."

"नळाच्या की समुद्राच्या?"

"पाणी ते पाणी. एकीकडून येतं, दुसरीकडे जातं."

धक्क्यावर गळ टाकून बसलेले दोघंतिघं फिस्सकन हसले. ते नळवाल्यांच्या फार मनाला लागलं. त्या दिवसापासून ते टपरीपुढून मान ताठ करून जायचे आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कुणी बसत नाही, तिथे बसायचे. कुणी का बसत नाही, हे विचारायचा प्रश्नच नव्हता.

रोज संध्याकाळी बादली रिकामी. जिन्यात पावलं वाजली की बाई दार उघडायची, बादलीत बघायची आणि काही न बोलता आत जायची. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी एकदा साखर मागायचं निमित्त करून गेले, तर ती खाटेवर बसून लुगड्यांच्या घड्या घालत होती. तेच लुगडं उलगडायची, परत घडी घालायची.

"वहिनी, आवराआवर चाललीय?"

"हाताला चाळा, ताई. इथे बोलायचं कुणाशी? ते माशांशी बोलतात, मासे त्यांच्याशी बोलत नाहीत." हसली, पण डोळे हसले नाहीत. "वाईट काय वाटतं सांगू? मासा मिळू नये असं मला रोज वाटतं. आणि हात हलवत आलेले बघितले की ताटात एक भाकरी जास्तच वाढते."

थंडी उतरणीला लागली तसे नळवाले घायकुतीला आले. एक दिवस त्यांनी बाईला बळेच बरोबर घेतलं. "चल, तुझ्या डोळ्यांदेखत धरतो." तिने चहाचा थर्मास घेतला, पावाची पुडी घेतली. पाणी त्या वेळी खूप मागे गेलं होतं. धक्क्यापासून लांब वाळूची एक लांबट पट्टी उघडी पडली होती, पाठ वर काढून झोपलेल्या म्हशीसारखी. हसणारी माणसं तिथे नव्हती. ते दोघं तिकडे चालत निघाले. टपरीवालीने हाक मारली, "काका, कुठे निघालात? अहो काका!" त्यांनी मान वळवली नाही.

मी कपडे वाळत घालत होते. मला दोन ठिपके दिसत होते, एक उभा, एक बसलेला. म्हटलं, बसू दे बिचारी, हवा लागेल. मला तरी कुठे समुद्राचं काही कळत होतं? कपडे संपले आणि मी परत बघितलं, तर पट्टी तशीच होती, पण पट्टी आणि किनारा यांच्यामध्ये पाणी चमकत होतं. नदीचं पाणी समोरून येताना दिसतं. हे मागून आलं होतं. मधला भाग खोलगट, तो आधी भरतो. नळवाले समोर दोरीकडे बघत बसलेले, त्यांना पत्ता नाही.

मी ओरडले. माझं ओरडणं तिथपर्यंत काय जाणार! टपरीवाली मात्र आधीच धावत सुटली होती, हातात दोराचं वेटोळं, मागे ते हसणारे. बाईने पहिल्यांदा मागे वळून बघितलं असावं, कारण ती ताडकन उभी राहिली. मग दोघंही पाण्यात शिरले. मध्यावर आले तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं. तिचा पाय सुटला. ती खाली गेली, तिला धरायला तेही वाकले आणि दोन श्वास मला पाण्यावर नुसती त्यांची टोपी दिसली. मग दोर पडला, त्यांनी तो धरला, दुसऱ्या हाताने तिला धरलं, आणि त्या हसणाऱ्यांनी दोघांना ओढून काढलं. काठी, थर्मास, तिच्या चपला, सगळं गेलं. बादली टपरीवालीला नंतर खडकात सापडली, चेपून फुटलेली.

बाईला ताप भरला. छाती भरली. भिंतीतून आता भांडण ऐकू येत नव्हतं, नुसता खोकला. त्या खोकल्यापेक्षा मला भांडण चाललं असतं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वेळ लागेल. नळवाले उशाशी बसून असायचे. मी पेज घेऊन गेले की उठून उभे राहायचे, जणू मीच डॉक्टर. एकदा मोरीतला नळ ठिबकत होता त्यांच्या. मी तिथे उभी राहून ऐकत होते, त्यांना ऐकू येत नव्हता.

ताप उतरला तेव्हा बाईच म्हणाली, "जा ना धक्क्यावर. थंडी अजून आहे."

"नको."

"नको कसं? मी शब्द दिलाय. माझा शब्द अर्धवट ठेवू नका."

ते गेले खरे, पण गळ टाकायला नाही. टपरीवालीचा दोर धुऊन, वाळवून, वेटोळं करून परत द्यायला. मी मागोमाग पोचले, मला औषधाच्या दुकानात जायचं होतं. दोर फळीवर ठेवला आणि ते तसेच उभे राहिले. खिशातला पाना चाचपत होते. टपरीवालीने गिऱ्हाईक केलं, पैसे डब्यात टाकले, तरी ते उभेच.

"काय हवंय, काका?"

"पाणी," ते म्हणाले. मग घसा साफ केला. "पाणी कधी चढतं?"

मला वाटलं, आता ही धार लावते. तिने लावली नाही. स्टूल पुढे सरकवलं. "बसा. रोज एका वेळी नाही चढत. आज आलं त्यापेक्षा उद्या उशिरा येतं. चढायला लागलं की मासा धक्क्याच्या खांबांपाशी चरायला येतो. तिथे गळ सोडायचा, कोळंबी लावून. आणि तो तुमचा नट नको. तो गळ नव्हे, नांगर आहे."

त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "मला ठाऊक आहे" म्हणाले नाहीत. तिने एक जुनी काठी काढून दिली, तिचीच एक बादलीही दिली, रोज परत आणायच्या बोलीवर. टपरीमागे हात धुवायचा एक नळ होता. तो सतत ठिबकायचा, तिला सवय झालेली. निघताना त्यांनी पाना काढून तो आवळला.

मग तो नेमच झाला. परत येताना बादली त्या नळावर धुवायची, नळ पान्याने आवळायचा, बादली फळीखाली उपडी ठेवायची आणि विचारायचं, "उद्या पाणी कधी चढणार?"

आणि थंडी सरता सरता मासा लागला. चांगला हातभर, चंदेरी, बादलीत मावेना, शेपूट बाहेर. जिना चढताना ते धापा टाकत होते. माझं दार उघडंच होतं. पलीकडे बाई त्यांच्या उघड्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती, अंगावर शाल. तिने बादलीत बघितलं. तिचा चेहरा उतरला, मग सावरून ती म्हणाली, "झालं. जिंकलात. राहते मी."

त्यांनी बादली खाली ठेवली. मासा एकदा फडफडला, पाणी उडालं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "तुला काय हवंय? राहायचं की जायचं?"

"म्हणजे?"

"विचारतोय."

बाईने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू दारात कुणी परका उभा आहे. मग पदर सारखा केला. "विचार करून सांगते," म्हणाली.

आणि खरंच तिने वेळ घेतला. घाई कसली? एवढ्या संसारात पहिल्यांदा प्रश्न आला होता, पुरवून पुरवून वापरणारच. तोवर नळवाले रोज मासे आणत होते. आमच्या मजल्यावर सगळ्यांना वाटत होते. ते हसणारे आता त्यांना बाजूला जागा देत होते. मला वाटायला लागलं, ही राहणार. आमच्या घरचा नळ तर मी मुद्दाम बिघडू दिला होता, माणूस गुंतून राहावा म्हणून.

एक दिवस दुपारी ती माझ्याकडे आली. जमिनीवर बसली, गुडघ्याला मिठी मारून.

"ताई, यांना असं खुशीत मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. रात्री झोपेत हात हलवतात, दोरी ओढल्यासारखा. आणि मला ते पाणी मागून आलेलं विसरता येत नाही. खिडकी लावून घेतली तरी आवाज येतो. श्वास कोंडतो माझा इथे. काय सांगू त्यांना?"

राहा म्हटलं तर ती कोमेजणार, जा म्हटलं तर ते. मी चहा टाकला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे ताटांचा आवाज थांबला आणि एकच शब्द आला. "जायचं."

मग ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने मोरीतून पान्याचा आवाज आला. नळ आवळत होते. तो नळ गळत नव्हता, मला माहीत आहे.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो खाली उभा राहिला. बाई पुढे बसली, मांडीवर बोचकं. तिने माझा हात धरला तो सोडेना. मी नळवाल्यांना म्हटलं, "तिकडे नदी आहे ना? गळ टाकाल की."

"आहे ना," ते म्हणाले. "पण नदीला काही विचारावं लागत नाही, ताई."

टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. "चला काका, ऊन होईल." "आलोच," म्हणून ते धक्क्याकडे वळले. एका हातात काठी, दुसऱ्यात बादली. बाईने त्याला सांगितलं, "थांब रे जरा. जाऊ दे त्यांना."

काठी त्यांनी टपरीला टेकवून ठेवली. मागच्या नळावर बादली धुतली, तळाला चिकटलेला खवला नखाने काढला, पान्याने नळ आवळला, बादली फळीखाली उपडी ठेवली. हात विजारीला पुसले.

"उद्या पाणी कधी चढणार?"

टपरीवाली कोळंबी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "जेवणवेळेच्या पुढे, काका. आजच्यापेक्षा जरा उशिरा."

"बरं," ते म्हणाले, आणि टेम्पोकडे चालायला लागले.