म्बोरीचे तीन आठवडे

लोकांच्या लेकींना न्हाऊ घालण्यात म्बोरीची सव्वीस वर्षं गेली. ओनिच्छा शहरातल्या एका प्रसूतिगृहात ती आया. बाळंतिणीचं पोट कढत पाण्याच्या फडक्याने शेकावं तर म्बोरीनेच. पोरी आधी तिला शिव्या घालायच्या आणि घरी जायच्या दिवशी गळ्यात पडून रडायच्या. नवरा गेला तेव्हा तिची ऊझोमा चार वर्षांची होती. दिराने दोघींना घराबाहेर काढलं आणि या दवाखान्याने आत घेतलं. ते उपकार म्बोरी दिसेल त्याला सांगत सुटायची. "या नोकरीने माझं पोर पदवीधर केलं," हे मी स्वतः शंभरदा ऐकलंय. उपकार मोजण्यात बाई पटाईत, पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की हिची दातखीळ बसलीच म्हणून समजा!

तर लग्न होऊन एनुगूला गेलेल्या ऊझोमाला पहिली मुलगी झाली. दोन दिवस अडून झाली, पोरगी पार पिळून निघाली. आता लेकीची ओमुग्वो करायची, म्हणजे तिच्या घरी जाऊन बाळंतपण काढायचं, हा आईचा मान. आई धडधाकट असून गेली नाही, तर पोरीला ते सासरी जन्मभर ऐकावं लागतं. जावयाची आई कंबर कसून बसलेलीच होती. "विहीणबाईंना सवड नसेल तर मी आहे की," असा तिचा निरोप आला. तो प्रेमाचा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इकडे वॉर्डात दोन आया आधीच रजेवर. ड्यूटीच्या तक्त्यावर सगळीकडे म्बोरीचंच नाव. शिवाय तीन वर्षांपूर्वी एक आया अशीच ओमुग्वोला गेली, तीन महिने रमली आणि परत आली तर तिच्या जागेवर दुसरीच. लेक की नोकरी? ज्या नोकरीने लेक वाढवली तिलाच लाथ मारायची?

शेवटी ती मेट्रन एझेनवांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"तीन आठवडे रजा हवी होती, बाई. लेकीची ओमुग्वो."

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तीन?"

"जास्त होत असतील तर दोन चालतील."

"मी काही म्हणाले का? बोनिफेस, लिही रे."

बोनिफेस म्हणजे दवाखान्याचा कारकून. त्याने इंग्रजीत अर्ज लिहिला, म्बोरीने खाली आपलं नाव काढलं. तिला तेवढंच लिहिता येतं.

आता इथे एक भानगड आहे. एके, ओरी, आफो, न्क्वो, रोज एक असे हे चार बाजार भरले की आमचा आठवडा संपला. चर्चचा आठवडा सात दिवसांचा. दोन्हीला शब्द एकच, त्यामुळे कुणाचा कुणाला पत्ता लागत नाही. हसू नका, तुमच्या आठवड्यात तरी आठ कुठे असतात? म्बोरीचा जन्म ओरीच्या बाजारचा, नावातच तो बाजार. रविवारी चर्चला जाईल, पण दिवस मोजेल ते बाजाराचेच. तिचे तीन आठवडे म्हणजे बारा दिवस.

"बारा दिवस?" सोबतची आया न्वाकाएगो कपाळावर हात मारून म्हणाली. "अगं, ओमुग्वोला चाललीस की पाहुणी म्हणून?"

"मिळाले तेवढे देवाचे," म्बोरी म्हणाली आणि ओरीच्या दिवशी सकाळची बस धरून गेली.

एनुगूमध्ये तिने पाऊल टाकल्या टाकल्या पाणी तापत ठेवलं. सुक्या मासळीचं तिखटजाळ कढण केलं, त्यात याम कंदाच्या फोडी. दोन वेळा शेक, दोन वेळा बाळाला तेल. सगळं केलं, पण घाईत केलं. हात लेकीच्या पोटावर आणि बोटं बाजार मोजताहेत. दहाव्या दिवशी कुठे ऊझोमा भिंत न धरता उभी राहिली. दूध मात्र अजून पुरेसं उतरलं नव्हतं.

"आई, आणखी चारच दिवस राहा," ती बाराव्या दिवशी रडकुंडीला आली. "बाईंना फोन कर ना."

"शब्द दिलाय, बाळा. ज्यांनी आपल्याला खायला घातलं त्यांच्याशी खोटं वागू?"

"मग माझं काय?"

म्बोरीने बाळाचा मुका घेतला, लेकीकडे न बघता पिशवी उचलली आणि बस गाठली. सबंध प्रवासात तिने कशालाही तोंड लावलं नाही.

तेराव्या दिवशी, ओरीच्याच सकाळी, ती गणवेश घालून वॉर्डात शिरली. बघते तर काय, तिच्याच बादलीतून एक अनोळखी बाई बाळंतिणीला शेक देतेय! लेक रडत सोडली, आणि इथे जागाही गेली. ती तशीच मेट्रनबाईंच्या खोलीत घुसली.

"बाई, मी वेळेवर आलेय. आज ओरी आहे. हवं तर मोजून घ्या!"

"तू इथे काय करतेस? एनुगूतलं पाणी आटलं का?"

"तीन आठवडे झाले, बाई."

कोपऱ्यातला बोनिफेस फिस्सकन हसला. "ऊझोमाच्या आई, तुम्ही बाजाराचे मोजलेत! कागदावर चर्चचे आहेत. एकवीस दिवस. ती बाई तेवढ्यापुरतीच ठेवलीय."

"पण मी तर बाजाराचेच मागितले होते..."

"ते न कळायला मी काय लंडनहून आलेय?" मेट्रनबाई कडाडल्या. "यानेही विचारलं, कुठले लिहू. म्हटलं, या बाईच्या तोंडून जास्तीचं कधी निघायचं नाही, चर्चचे लिही. आणि तिला नीट सांग, असंही म्हटलं होतं. काय रे?"

बोनिफेसचं हसू विरलं. "ते तेवढं राहिलं, बाई."

म्बोरी गुडघ्यांवर बसली.

"ऊठ, नाटकं नकोत," मेट्रनबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "माझी लेक अडोरा इथेच बाळंत झाली तेव्हा मी ऑपरेशनच्या खोलीत अडकलेली असायचे. पंधरा दिवस तिला कोणी न्हाऊ घातलं? तू विसरली असशील. मी नाही विसरले. आजचा धरून नऊ दिवस आहेत. चल, नीघ."

दुपारी म्बोरी एनुगूला पोचली तेव्हा विहीणबाई बाह्या सरसावून चुलीपुढे बसल्या होत्या. ऊझोमा दारातच घाबरली.

"आई! काढून टाकलं तुला?"

"नऊ दिवस दिलेत, बाळा."

"बाजाराचे की चर्चचे?"

"गाढवे, दिवस तो दिवस!" म्बोरीने कमरेचं कापड घट्ट आवळलं. मग चुलीकडे वळून म्हणाली, "विहीणबाई, उठू नका. तुम्ही पाणी ओता, मी शेकते. लेक दोघींचीच आहे."

पहिलं फडकं पोटावर पडलं आणि ऊझोमा किंचाळली, "आई गं, भाजलं!"

"ओरड, पोटभर ओरड," म्बोरी म्हणाली. "आज मला कुठे जायचं नाहीये." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हात मात्र पहिल्यांदाच सावकाश चालत होते.