हात लावून सांगा

"हाथ ऊंचो करो."

मी हात वर केला.

"हजी ऊंचो."

अजून वर केला. दात चावून केला. डोळ्यांत पाणी आलं ते गिळलं. माझं ब्लाउज टेबलाच्या कडेला पडलेलं. पडदा अर्धाच ओढलेला. समोर पांढऱ्या कोटातली सहा-सात पोरंपोरी, हातात वह्या. उजव्या बाजूला जिथं छाती होती तिथं आता नुसती शिवण. काखेतल्या गाठीही काढलेल्या. ऑपरेशनला चार महिने झाले होते, आणि मी सगळ्यांसमोर एक हात वर करून उभी होते. शाळेत मार खायच्या आधी पोरं उभी राहतात तशी.

मोठ्या डॉक्टरने माझा हात हाताने नाही धरला. फाईलच्या कडेने कोपर उचललं. मेलेला उंदीर काठीने उचलतात तसं. मग पोरांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला इंग्रजी येत नाही. पण त्यात 'ड्रामा' हा शब्द होता आणि तो सगळ्या सुरतेला येतो. पोरं हसली. फार नाही, साहेबाला बरं वाटावं इतकीच.

त्यांच्यात एक पोरगी मराठी. गोरी, चष्मेवाली. बाप बँकेत असावा किंवा शाळेत मास्तर, तसलं स्वच्छ मराठी. डॉक्टरने तिला पुढे केलं, हिला काय होतंय ते विचार म्हणून.

"मावशी, काय त्रास होतो तुम्हाला?"

आपली भाषा ऐकली आणि मी येड्यासारखी सगळं बोलून गेले. मना हात जळस, हेच आधी तोंडातून निघालं, मग सुधारून तिच्या मराठीत सांगितलं. दंडाच्या आतल्या अंगाला आग होते, मिरची वाटून चोळल्यागत. ब्लाउजची बाही लागली तरी जीव जातो. काखेत मात्र कातडं मेलेलं, चिमटा घेतला तरी कळत नाही. मधूनच वीज जाते कोपरापर्यंत, हातातला तांब्या पडतो. पोराला जवळ घेता येत नाही.

तिने मान हलवली. वळली. म्हणाली, "सर, थोडुं दुखे छे एम कहे छे."

थोडुं. थोडं दुखतं म्हणते. बारा वर्षं उधन्यात काढलेल्या बाईला गुजराती कळत असेल, एवढंही तिच्या डोक्यात आलं नाही. माझी चार महिन्यांची आग तिने एका शब्दात विझवून टाकली आणि साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिली, बरोबर बोलले ना म्हणून.

डॉक्टर म्हणाला, "बेन, टांका सरस छे. केन्सर गयुं. आ दुखावो मनमां छे." टाके छान आहेत, कॅन्सर गेला, दुखणं मनात आहे. आणि पुढच्या बाईला हाक.

मी ब्लाउज घातलं. डाव्या हाताने हुक लावायला वेळ लागतो. तेवढा वेळही ते थांबले नाहीत. पुढची बाई आत आली तेव्हा माझे दोन हुक उघडेच होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तिथं हौसेने गेले नव्हते. मला एक चिठ्ठी हवी होती. मी उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात ताके तपासायचे. आम्ही खानदेशातले, अमळनेरकडचे. नवरा खाली मशीनवर, मी वर माळ्यावर. आमचं काम असं. मागावरून उतरलेला कोऱ्या कापडाचा ताका वरच्या दांडीवरून येतो. पुढ्यात काचेचं उतरतं टेबल, काचेखाली ट्यूबलाईट. दोन्ही हात वर करायचे, कापड धरायचं, ओढायचं, बघायचं. पुन्हा हात वर. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, जाळं. खोट दिसली की पिवळ्या खडूने गोल करायचा. दिवसाला किती वेळा हात वर जातो ते मोजत बसलं तर माणूस काम सोडून पळून जाईल. ऑपरेशननंतर माझा हात तिसऱ्या ओढीलाच पेटायचा.

माळ्यावर बसायचंही काम असतं. खालच्या पाटावर बसून चिमट्याने गाठी काढायच्या. मी शेठला म्हटलं, मला तिथं बसवा. शेठ म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी आण, नाहीतर घरी बस. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला तेव्हा हाच शेठ सगळ्यांच्या आधी सुरत सोडून पळाला होता. परत आला तर कारखान्याला कुलूप होतं तसंच होतं, कारण किल्ली माझ्या नवऱ्याकडे होती आणि आम्ही गेलो नव्हतो. आमच्या गल्लीतला डॉक्टरही तेव्हा शटर ओढून गायब झालेला. भीती ही शिकलेल्यांचीच असते. आमची ती नाटकं.

मी चिठ्ठीशिवाय परत आले. शेठने ऐकलं, तोंडातला मावा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "डोक्टर कहे छे कशुं नथी, तो कशुं नथी." डॉक्टर म्हणतो काही नाही तर काही नाही. पुढच्या सोमवारपासून टेबलावर उभी राहा, नाहीतर जागा रिकामी कर, एवढं बोलून तो खाली गेला.

खरं सांगते, त्या दिवशी मलाही वाटलं की माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. इतका शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? मी टेबलाजवळ उभी राहिले आणि हात वर न्यायला भ्यायले. आपल्याच हाताला भ्यायले. याच्याइतकी लाज मला उघड्या अंगाने उभं राहतानाही वाटली नव्हती.

भिकूबाई पाटावर गाठी काढत होती. माळ्यावरची सगळ्यात जुनी बाई, आमच्याच भागातली, दात गेलेले, नजर मात्र सुईची. तिने सगळं ऐकून घेतलं. चिमटा खाली ठेवला.

"माले सांग माय, हात लाईसन पाह्यं का त्यानी?"

हात लावून बघितलं का त्याने. नाही, म्हटलं. फाईल लावली.

भिकूबाईने चिमटा उचलला. पुन्हा गाठी काढायला लागली. पण मला सगळं कळलं.

आमच्या माळ्यावर एक रीत आहे. आम्ही ताक्यावर खडूने गोल केला की ज्याचा ताका त्या कारागिराला खालून वर बोलावतात. तो आला की आधी म्हणणारच, कुठं काय आहे, काही नाही. प्रत्येक जण म्हणतो. माझा नवराही म्हणायचा. पण नुसतं बघून 'नाही' म्हणायची सोय नाही. खोटीवर बोट ठेवायचं, फिरवायचं आणि मग बोलायचं. बोट न लावता नाही म्हणणाऱ्याला मुकादमही उभा करत नाही. खडूचा गोल शेठलाही पुसता येत नाही. अंगठाछाप माणसं आम्ही, पण कापडाला एवढा न्याय देतो.

आणि हा उंटावरून शेळ्या हाकणारा. फाईलच्या टोकाने कोपर उचलून माझ्या कातडीचा निकाल लावणारा. याच्यापेक्षा आमचा नवशिका कारागीर बरा. मला त्या माणसाची जी भीती वाटत होती ती तिथंच गेली. तिच्या जागी किळस आली.

त्या रविवारी डिंडोलीच्या आमच्या खोलीत मी दार लावून घेतलं आणि डोळे मिटून बसले. डाव्या हातात कापसाची वात घेतली. उजव्या दंडावरून हळूहळू फिरवली. जिथं काही कळेना तिथं थांबले, खडूने खूण केली. जिथून आग सुरू झाली तिथं दुसरी खूण. काखेपासून कोपराच्या चार बोटं वरपर्यंत, मागे पाठीच्या कडेला, पुढे शिवणीपर्यंत. खुणा जोडल्या. पुसल्या. दुपारी पुन्हा केल्या. रेघ तिथंच आली. संध्याकाळी तिसऱ्यांदा. तिथंच आली. मनातलं दुखणं एका रेघेवर इतकं शहाण्यासारखं थांबत नाही.

सोमवारी टेबलावर गेलेच नाही. दवाखान्यात गेले. दंडावर पिवळी रेघ, वर सैल पोलकं, नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या मऊ कापडाचं, हाताने शिवलेलं. माझा नंबर आला. तीच खोली, तीच पोरं, तोच अर्धा पडदा. आधी मी पडदा पूर्ण ओढला. मग स्टुलावर बसले.

डॉक्टरने बघितलं. "पाछी आवी?" परत आलीस?

मी बाही वर केली. "साहेब, हात लावून सांगा."

त्याला वाटलं मराठीत काहीतरी बडबडते. त्याने त्या चष्म्याच्या पोरीकडे बघितलं. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी जळतं म्हटलं, तू थोडं दुखतं सांगितलंस. मला गुजराती येतं. आज जसं म्हणते तसंच सांग. या रेघेच्या आत मला कळत नाही, रेघेवर आग आहे. साहेबांनी हात लावून सांगावं की खोटं आहे. मी लगेच जाते."

पोरगी लाल झाली. पण तिने सांगितलं. या वेळी अख्खं सांगितलं, मी प्रत्येक शब्द ऐकत होते.

डॉक्टर हसला. "नेक्स्ट."

मी उठले नाही. दाराबाहेर बायका उभ्या होत्या. कुणी जवळच्या सचिन गावाहून आलेली, कुणी पार नवापूरहून, कुणाची छाती गेलेली, कुणाची जायची. शिपाई माझ्या दंडाला धरायला आला. मी म्हटलं, हा हात धरशील तर अशी किंचाळेन की रस्त्यापर्यंत ऐकू जाईल. तो जागीच थांबला. तोपर्यंत मी एवढ्या मोठ्याने कुणाशी बोलले नव्हते.

शेवटी डॉक्टरने कंटाळून पोरीला खूण केली. बघ आणि संपव. तिने कापूस घेतला. मी डोळे मिटले. तिने कापूस फिरवला आणि मी म्हणत गेले. नाही. नाही. नाही. आता. पुन्हा नाही. नाही. आता. डोळे उघडले तेव्हा ती दंडाकडे बघत होती. प्रत्येक 'आता' माझ्या रेघेवर पडला होता. खोलीत कुणी हसत नव्हतं.

मग ती पोरगी हळूच गुजरातीत डॉक्टरला म्हणाली की सर, काखेतून दंडाकडे एक नस जाते ना, गाठी काढताना ती दुखावते, पुस्तकात आहे.

पुस्तकात आहे. म्हणजे तिला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं. आणि साहेबाला तर तिच्या जन्माआधीपासून माहीत असणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण हे तर कळूनही न कळलेले निघाले. त्यांच्यावर थुंकायचं म्हटलं तरी माझी थुंकी वाया जाईल, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

चिठ्ठी मिळाली. सही करताना त्याने वर बघितलं नाही. रात्री घ्यायची एक छोटी गोळीही लिहून दिली. म्हणजे गोळी होती. चार महिने होती.

चिठ्ठी शेठच्या गादीवर ठेवली आणि पाटावर भिकूबाईशेजारी जाऊन बसले. शेठने ती वाचून खिशात घातली. काही बोलला असता तर दंडावरची रेघ त्यालाही दाखवली असती.

हात बरा झाला असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. अजून जळतो. गोळीने आग निम्मी होते, झोप येते. ड्रेसिंगच्या खोलीतल्या नर्सने शिकवलं तसं रोज भिंतीवर बोटं चढवते, एक एक वीत. आणि चिंध्या ठेवल्यात डब्यात. आधी सॅटिन, मग क्रेप, मग जॉर्जेट, शेवटी खरखरीत टॉवेल. दंडावर रोज थोडा थोडा वेळ फिरवते, कातडीला सवय लावते. ही युक्ती कुठल्या डॉक्टरची नाही. कापडात आयुष्य गेलेल्या बाईला एवढं कळतं. टॉवेलपर्यंत यायला मला वर्ष लागलं.

महिन्याला दवाखान्यात जाते तेव्हा पदराला खडू बांधलेला असतो. बाहेरच्या बाकावर बायका बाही वर करतात, मी रेघ काढून देते. आत जाऊन काय म्हणायचं तेही सांगते.

मागच्या खेपेला ती चष्म्याची पोरगी बाकापाशी आली. म्हणाली, "मावशी, बाहेरगावचे मोठे डॉक्टर आलेत. सरांनी तुम्हाला बोलावलंय. तुमची रेघ दाखवायचीय सगळ्यांना. सर म्हणाले, फार छान केस आहे."

आधी ड्रामा होते. आता छान केस.

मी खडू पदरात बांधला. म्हटलं, "मी येणार नाही. ब्लाउज काढून कुणासमोर उभी राहणार नाही. ज्याला शिकायचं त्याने या बाकावर येऊन बसावं, बाईला विचारावं, तिने हो म्हटलं तर हात लावावा. सरांना जाऊन सांग."

ती निघाली. मी तिला हाक मारून थांबवलं.

"जसं म्हटलं तसं सांग. एक शब्द कमी केलास तर मला कळेल."