सिंदेवाहीची क्रॉसिंग

मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. माझी बाई कुरखेड्याला दिली. मी चंद्रपुरात शाळेत नोकरीला लागले आणि तिथंच एकटीनं घर बांधलं. आईवडील गेले, भाऊ नाही, त्यामुळे बाईचं माहेर म्हणजे मीच असं आम्ही ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण त्या माहेरी बाई एकदाही आली नव्हती.

भाऊजींना अकरा वर्षांपूर्वी लकवा झाला. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. शेजारीण दिवसा भाऊजींजवळ बसते, पण अंधार पडायच्या आत बाईला घरी पोचावंच लागतं. कुरखेड्याहून एसटीनं वडसा, वडशाहून पॅसेंजरनं चांदा फोर्ट, म्हणजे आमचं चंद्रपूरचं स्टेशन, आणि परत तसंच, हे एका दिवसात कसंच बसत नाही. मुक्काम करावा लागतो, आणि मुक्काम तिला जमत नाही. मी सुट्ट्यांत तिच्याकडे जाते, पण बहिणीनं माहेरी यायचं असतं, बहिणीकडे माहेर उचलून न्यायचं नसतं.

मग आम्ही एक युक्ती काढली. आमच्याकडे रूळ एकच. इकडची आणि तिकडची गाडी सिंदेवाहीला एकमेकींना वाट देतात, त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. बाई वडशाहून निघायची, मी चांदा फोर्टहून. दोघी सिंदेवाहीला उतरून फलाटावर वीस-पंचवीस मिनिटं बसायचो आणि मग गाड्या बदलायचो. ती माझ्या गाडीनं परत, मी तिच्या. इंजिनपासून तिसरा डबा, खिडकीची जागा, हे पक्कं. उतरताना मी माझ्या जागेवर पिशवी ठेवून यायची, ती तिच्या जागेवर. त्यामुळे जागाही राहायची आणि देणंघेणंही व्हायचं. माझ्या पिशवीत तिच्यासाठी गुडघ्याचं तेल, बिस्किटं, एखादं लुगडं. तिच्या पिशवीत माझ्यासाठी तरोट्याची भाजी, नवा तांदूळ, उन्हाळ्यात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. पिशव्या उघडायच्या त्या गाडी सुटल्यावर. मला हे सगळं फार आवडायचं. शाळेत मी ते रंगवून रंगवून सांगायची.

गेल्या हिवाळ्यात चंद्रपुरात एक सभा झाली. नागपूर, चंद्रपूर, गोंदिया अशा गावांमधून वेगानं धावणाऱ्या गाड्या हव्यात का, त्यासाठी दुसरा रूळ टाकावा का, यावर लोकांनी बोलायचं होतं. मला कोणी बोलायला सांगो की न सांगो, मी बोलतेच. उठले आणि ठणकावून म्हटलं की आमचं जंगल आहे, गाडीखाली वाघ-अस्वल येतात, लहान स्टेशनांवरची माणसं मागे राहतील, आणि क्रॉसिंगला दोन माणसं भेटतात त्याची किंमत कोण करणार? टाळ्या पडल्या. एका गृहस्थांनी तर जवळ येऊन माझ्या भाषेचं कौतुक केलं. मी दोन दिवस हवेत होते.

पुढच्या क्रॉसिंगला बाकावर बसल्या बसल्या मी बाईला सगळं भाषण ऐकवलं. ती पायातली चप्पल काढून गुडघे चोळत ऐकत होती.

"मंग त्या गाडीनं मी सकाळी निघून दिवसाच घरी परत आली असती का वो?"

मी मनात हिशोब केला. "आली असतीस. वर दोन-तीन तास माझ्या घरी बसली असतीस."

"मंग काऊन नाई म्हटलं?"

"बाई, जंगल हाये. जनावरं हायेत."

"जनावरासाठी जंगलात हळू चालवा म्हणा नं. पण आपली गाडी चालते कुठी? ते तर उभीच राह्यते." तिनं समोरच्या दोन्ही गाड्यांकडे हात केला. "आता पाह्य, ह्या उभ्या गाडीनं कोणतं जनावर वाचून राह्यलं?"

बाई चिडली नव्हती, तेच जास्त लागलं.

"तुले वीस मिनिटं पुरते," ती म्हणाली. "मले नाई पुरत. मले माहेरी येवाचं हाये."

त्या दिवशी तिच्या गाडीत तिनं धरून ठेवलेल्या खिडकीशी बसून मी मूल स्टेशनापर्यंत रडले. जिची मी गोष्ट करून लोकांना सांगत होते, ती तिची अडचण होती. मला ते वीस मिनिटांचं कौतुक परवडत होतं, कारण तिला जिथं यायचं होतं, त्याच घरी मी तिथून परत जात होते.

सभा बोलावणाऱ्यांना मी पत्र लिहिलं. माझं बोलणं मागं घेते, दुसरा रूळ जरूर टाका, जनावरांना रुळाखालून वाट ठेवा, लहान स्टेशनांची पॅसेंजर राहू द्या, पण सकाळी जाऊन उजेडी घरी परत येता येईल अशी एक गाडी पळवा. उत्तर आलं नाही. मीही थांबले नाही. पत्रानं काही रूळ पडत नाहीत, आणि बाईचे गुडघे तर माझ्यासमोर दर खेपेला थोडे जास्त दुखत होते.

मग मला सुचलं की आपण तिच्या घरी राहावं आणि तिनं आपल्या घरी जावं. अकरा वर्षं हे सुचलं नाही याची लाज वाटते. मेहुणीकडून आपलं करून घ्यायचं भाऊजींना नको होतं, म्हणून तो विषयच कोणी काढला नव्हता. या वेळी मी फोनवर त्यांनाच विचारलं. आंघोळीचं शेजारणीच्या नवऱ्यानं पाहावं, बाकीचं मी, असं ठरलं. भाऊजी अडखळत एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिले."

सिंदेवाहीला मी बाईच्या हातात किल्ली दिली. त्या दिवशी गाड्या बदलल्या नाहीत. ती आपल्याच गाडीनं चांदा फोर्टकडे गेली, मी माझ्या गाडीनं वडशाला. मी घर झाडून-पुसून ठेवलं होतं, पलंगावर नवी चादर घातली होती, वरण-भाजी करून ठेवली होती. स्टेशनवर रिक्षावाला पाठवला होता. माझ्या परीनं काही बाकी ठेवलं नव्हतं.

कुरखेड्यात दोन दिवस मी भाऊजींना भरवलं, कूस बदलून दिली. बाई रोज हे किती करते ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा क्रॉसिंग. बाई उतरली, किल्ली परत दिली, बाकावर टेकली.

"कसं वाटलं माहेर?" मी विचारलं.

"घर चांगलं हाये. हवा येते. तुया सयपाकघरात उजेड लय हाये."

तिनं माझा हात हातात घेतला.

"रिक्षातून उतरली अन् दारात उभीच राह्यली वो. वाटलं, आता आतून कोणी पाण्याचा तांब्या घेऊन येईन. मंग आठवलं, तू तं माह्या घरी हायेस. मंग मीच आतून तांब्या आणला, मीच माह्या पायावर पाणी टाकलं, अन् घरात गेली."