शिवांजली आणि बारा मुके लॅपटॉप

चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर शिवांजली करवून घेईल आणि ते जास्त दुखेल.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी बारा लॅपटॉप घ्यायचे होते. खरेदी समितीचा अध्यक्ष मी. मराठीच्या मास्तराला तिथं कुणी बसवलं, असं विचारू नका. त्या दिवशी बाकीचे रजेवर होते. कोणतं मॉडेल घ्यायचं ते कॉम्प्युटर लॅबमधल्या शिवांजलीने दोन आठवडे तपासून एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तिला त्यावर मोफत आणि खुली संगणक प्रणाली घालायची होती. म्हणजे जिच्या आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येतं, दुरुस्तही करता येतं. पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवायची सोयही तिच्यात होती. चिठ्ठी घेऊन मी विश्वजितदादांच्या दुकानात गेलो. दादांनी खुर्ची दिली, भडंगाची प्लेट पुढे सारली आणि म्हणाले, "सर, हे जुनं मॉडेल कशाला? त्याच किमतीत नवं देतो. चकाकी बघा की!"

भडंग खमंग होतं. लॅपटॉप चकाकत होता. मी सही केली आणि शिवांजलीला सांगायचं राहून गेलं.

खोकी आली ती थेट उद्घाटनाच्या सकाळी, रिबिनी लावूनच. शिवांजलीने घाईघाईने बाराही मशीनमध्ये प्रणाली भरली. सभागृह भरलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची सोनम, जी जन्मापासून पाहू शकत नाही, ती मंचावर येऊन बसली आणि तिने बटण दाबलं. मशीन आता 'नमस्कार' म्हणणार होतं.

म्हणालं नाही. हेडफोन लावला तरी नाही. नव्या मॉडेलमध्ये आवाजाची चिप नवी होती आणि खुल्या प्रणालीची तिच्याशी अजून ओळखच झालेली नव्हती.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे विश्वजितदादा माइकपाशी गेले. "शिवांजली मॅडमच्या फुकटच्या सिस्टीमनं मशीनचा आवाज कायमचा गेलेला आहे. तरी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

ते गंमत करत होते. पण आपल्याकडे श्रद्धांजली म्हटलं की पाय आपोआप सरळ होतात. निम्मं सभागृह खरंच उभं राहिलं. खुर्च्यांचा आवाज ऐकून सोनमही उठली आणि तिने हात जोडून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

माइक चालू होता. सगळे हसले. मीही हसलो, हे लिहिताना आज लाज वाटते.

शिवांजली हसली नाही. तिने खोक्याची बाजू फिरवून मॉडेलचा नंबर वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि रिबिनीची घडी करून पर्समध्ये ठेवली. आठवण म्हणून लोक तिकिटं ठेवतात. शिवांजलीने अपमान ठेवला.

ही बाई कोणत्या मातीची आहे, ते मला तिच्या आईकडून, हरणाबाईंकडून कळलं होतं. माणसं वडूजच्या पुढची, मेंढरं राखणारी. शिवांजली आठ वर्षांची असताना कळपातल्या एका एडक्याने तिला मागून धडक देऊन बाभळीच्या काट्यांत पाडलं होतं. पोरगी रडली नाही. दगड मारला नाही. काठी उचलली नाही. आठ-दहा दिवस ती त्या एडक्याकडे नुसती बघत बसली. मग आईची पितळी परात चिंचेने घासून घासून आरसा केली आणि दगडी बांधाला टेकवून ठेवली. एडक्याला परातीत दुसरा एडका दिसला. मस्तीत होताच. चार पावलं मागं सरला आणि जी टक्कर दिली म्हणता! परात चेपली, बांधाचा दगड हलला आणि एडका त्यानंतर कोंबडीलाही वाट सोडून चालायला लागला.

"परातीपायी मार लय खाल्ला तिनं," हरणाबाई सांगत होत्या. "पर मार खाताना हसत हुती, बया."

तर उद्घाटनानंतर प्राचार्यांनी निकाल दिला: जूनपर्यंत मशीन बोलली नाहीत, तर विश्वजितदादांची विकतची प्रणाली घालायची आणि देखभालही त्यांनाच द्यायची. दादांनी लगेच करारपत्र टाइप करून ठेवलं. शिवांजलीने प्राचार्यांना "बरं सर" म्हटलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "त्या माणसाला मी सोडत न्हाई."

"आणि मला?" मी विचारलं.

"तुमचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता लॅब रिकामी झाली की ती आणि सोनम बसायच्या. काम काय ते मला तिने माझ्या वकुबाप्रमाणे समजावलं. आवाजाची चिप म्हणजे झोपलेला पाहुणा. कुणी कोणत्या नावाने हाक मारली की तो उठतो, ते चिप बनवणाऱ्यालाच माहीत. विकतची प्रणाली त्याला बरोबर उठवते. मग विकतच्या प्रणालीवर मशीन चालू करायचं, ती चिपशी काय काय बोलते ते आकड्यांत टिपायचं आणि त्यातली खरी हाक कोणती ते शोधायचं. आकडे चार हजारांच्या वर होते.

एकेक आकडा बदलताना शिवांजलीच्या तोंडून विश्वजितदादांचं नाव यायचं. नामस्मरणच म्हणा. "हा न्हाई. विश्वजित. हा बी न्हाई. विश्वजित." एवढ्या जपाने देवसुद्धा प्रसन्न झाला असता.

फेब्रुवारीत एका दुपारी डाव्या स्पीकरमधून 'फट्' असा आवाज आला. सोनम खुर्चीत उडाली.

"ताई, मेलं काय मशीन?"

"मरतंय कशाला? जागं झालं!"

पुढे महिनाभर ते नुसतंच खरखरत होतं. सोनमचे कान म्हणजे सोनाराचा काटा. "ताई, ह्ये बोलतंय का भडंग खातंय?" ती विचारायची. भडंगाचं नाव निघालं की शिवांजली माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीकडे.

मार्चअखेरीस मशीन स्वच्छ मराठी बोलायला लागलं. मला वाटलं, संपलं. सूड पुरा झाला, आता चहा मागवू. शिवांजली म्हणाली, "हे आपल्या बारा मशीनपुरतं झालं, सर. उद्या तो म्हणेल, जुगाड हाय, अपडेट आलं की बंद पडंल. मला ते मूळ प्रणालीतच घालायचंय. म्हणजे जगात कुठंबी हे मॉडेल चालू केलं की बोललं पायजे."

मूळ प्रणालीत घालायचं तर दुरुस्तीचा तुकडा, त्याला पॅच म्हणतात, ईमेलने जगासमोर मांडायचा. तो तपासायला पोलंडमधले एक गृहस्थ होते. अत्यंत सभ्य. पहिल्यांदा त्यांनी 'खूप आभार, पण' असं लिहून नऊ चुका काढल्या. दुसऱ्यांदा सहा. चौथ्या वेळी एकच: तेराव्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त आहे. शिवांजलीने ते पत्र तीनदा वाचलं.

"ह्याला बी बघून घेऊ काय?" सोनमने विचारलं.

"न्हाई," शिवांजली जरा विचार करून म्हणाली. "हा माणूस खोटं बोलत न्हाई. खोट काढतो. त्याला माफ हाय."

आणि मग तो शिरस्ता आला, ज्याच्यावर सगळं फिरलं. प्रत्येक पॅचखाली नावं लिहितात: काम कुणी केलं, चाचणी कुणी केली आणि मुळात दोष कुणी दाखवून दिला. एकदा आत गेलेलं नाव पुसता येत नाही. कामाखाली शिवांजली, चाचणीखाली सोनम. दोष नोंदवणारा म्हणून तिने विश्वजितदादांचं नाव घालायचं ठरवलं.

मी चाटच पडलो. "अगं, हा सूड आहे की सत्कार?"

"दोष पयल्यांदा जाहीरपणे कुणी सांगितला? माइकवर? नियम म्हंजे नियम."

तिने दादांना रीतसर ईमेल करून परवानगीही मागितली. दादांचं उत्तर दहा मिनिटांत: 'खुशाल घाला. नाव ठळक घाला. तसंही ते मशीन बोलणार नाही!' खाली हसणारी तीन तोंडं.

पाचवा पॅच घेतला गेला. मेच्या शेवटी नवी आवृत्ती आली. त्यानंतर आठच दिवसांनी विश्रामबाग चौकात फ्लेक्स लागला.

वीस बाय दहा. मध्ये विश्वजितदादा, काळा चष्मा, कानाला फोन. वर लिहिलेलं: 'जागतिक संगणक प्रणालीत सांगलीचा डंका! दोष शोधणारे आपले दादा!' त्याखाली मॉडेलचा अकरा अक्षरी नंबर आणि एक ओळ: 'आता हा लॅपटॉप मोफत प्रणालीवरही खणखणीत बोलतो.' तळाला शुभेच्छुकांची एकोणीस तोंडं. दादांनी पेढे वाटले, तीन ठिकाणी शाली घेतल्या. मी हळहळलो. बिचारीच्या पाच महिन्यांच्या मेहनतीवर शाल याच्या खांद्यावर!

तिसऱ्या दिवशी जवळच्या गावाहून एक निवृत्त सुभेदार त्याच मॉडेलचा लॅपटॉप काखेत मारून दुकानात आले.

"ह्ये तुमीच शोधलंय न्हवं?"

"व्हय की, साहेब," दादा छाती काढून म्हणाले.

"मग आमाला विकतचं कशापायी घातलंत? काढा ते. फुकटवालं घाला. आणि माझ्यासमोर घाला, मी बसतो."

'ते चालत नाही' असं म्हणायची सोय उरली नव्हती. चौकात वीस बाय दहाची साक्ष उभी होती. सुभेदार बसले. मागून मिरजेचे दोघे आले. मग तासगावच्या एका शाळेचे तीस लॅपटॉप टेम्पोतून आले. ते मॉडेल दादांनी जिल्हाभर खपवलं होतं, आणि आता ते सगळं चकाकत परत येत होतं. विकतच्या प्रणालीची खोकी दुकानात धूळ खात पडली. दादा सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुकटची प्रणाली भरत होते, आणि ती भरायची कशी हे त्यांना येत नसल्यामुळे दर अर्ध्या तासाला शिवांजलीला फोन करत होते.

"मॅडम, मदत करा. लय गर्दी हाय."

"करते की, दादा. पण त्याच सभागृहात, त्याच माइकवर मागा."

जूनमध्ये कॉलेज उघडलं. प्राचार्यांनी दादांचं करारपत्र फाडलं आणि समारंभ ठेवला. प्रमुख पाहुणे तेच. सोनमने बटण दाबलं. मशीन म्हणालं, "नमस्कार." मग तिने पॅचखालची नावं उघडली आणि मशीनने सभागृहाला खणखणीत वाचून दाखवली. काम: शिवांजली. चाचणी: सोनम. दोष नोंदवणारे: विश्वजित.

दादा माइकपाशी आले. घसा खाकरला. "शिवांजली मॅडम," ते म्हणाले, "मदत पायजे." माइकपुढे ते तसेच गप्प उभे राहिले.

सोनमने कान दिला. मग उठून उभी राहिली, हात जोडले आणि विचारलं, "आता कोण गेलं, दादा?"

या वेळी मी हसलो, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

कार्यक्रम संपला. शिवांजली पर्समधून ती जुनी रिबिन काढून कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. मघापासून मला एक गोष्ट टोचत होती. ज्या माणसाला स्वतःच्या दुकानातल्या मॉडेलचं नाव धड सांगता येत नाही, त्याच्या फ्लेक्सवर अकरा अक्षरी नंबर बिनचूक कसा?

"शिवांजली," मी विचारलं, "तो फ्लेक्स दादांच्या डोक्यात आला कुठून गं?"

"परात मीच लावली हुती, सर."